तपकीर गल्लीजवळचे बिनपाटीचे दुकान : एका जुन्या ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीचा अनुभव

आमच्या घरी वडिलांनी १९८४ साली सुटे भाग आणून स्वतः जोडलेला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. पत्र्याची काळी पेटी, दर्शनी बाजूला आवाज, बास आणि ट्रेबलची ॲल्युमिनियमची बटणे, मागे उष्णता बाहेर टाकणारे पाकळ्यापाकळ्यांचे हीट सिंक आणि त्यांवर स्क्रूने आवळलेले चार धातूचे ट्रान्झिस्टर, असे त्याचे रूप आहे. वडील गेले, पण आईची सकाळ आजही याच पेटीवर लागणाऱ्या पुणे आकाशवाणीने सुरू होते. गेल्या दिवाळीनंतर तिचा डावा चॅनल आधी हळू आवाजात घोगरा वाजू लागला, मग मधूनच मागचा पत्रा हात लावू नये इतका तापू लागला आणि एका संध्याकाळी फ्यूज उडून सगळेच बंद पडले.

सुरुवातीला मी पेटी घराजवळच्या एका दुरुस्ती केंद्रात दिली. त्यांनी डाव्या बाजूचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर बदलले, १,१०० रुपये घेतले आणि दुसऱ्याच दिवशी पेटी परत दिली. आठव्या दिवशी पुन्हा फ्यूज उडाला. परत नेल्यावर ‘फार जुना माल आहे, आता याचे भाग मिळत नाहीत, ब्लूटूथचा नवा घ्या’ असे सांगण्यात आले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि बारावीच्या वर्गात दरवर्षी ट्रान्झिस्टरचे प्रवर्धन फळ्यावर काढून दाखवते, त्यामुळे भाग मिळत नाहीत हे कारण मला पटण्यासारखे नव्हते. या पेटीतील २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीने बाजारात आणला आणि तो आजही तयार होतो. दोन ट्रान्झिस्टर आठ दिवसांत का गेले, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शोधण्याची तयारी त्या केंद्रात कोणाचीच नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेतील सहायकांनी मग बुधवार पेठेतील या दुकानाचा पत्ता दिला. तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळा, पंखे आणि वायरींची भेंडोळी ओलांडून पुढे गेले, की एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली जेमतेम आठ फूट लांबीची जागा दिसते. दुकानावर पाटी नाही. गल्लीतले लोक ‘जिन्याखालचे काका’ एवढेच सांगतात. आत एक लाकडी टेबल, त्यावर ठिकठिकाणी सोल्डरिंग गनने पडलेले करडे डाग, भिंतीवर खिळ्याला टांगलेला शंभर वॅटचा जुना तारेचा दिवा आणि छतापर्यंत औषधांच्या दुकानासारखे छोटे छोटे खण आहेत. प्रत्येक खणावर काकांच्या वळणदार अक्षरात आतील भागाचा क्रमांक लिहिलेला आहे. वयाने सत्तरीच्या आसपास असलेले हे गृहस्थ बेताचेच बोलतात, मात्र विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मीटरवर आकडा दाखवून देतात. मला या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी ॲम्प्लिफायरमध्ये नेमके काय चालते ते थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून पुढील हकीकत नीट कळणार नाही. आवाज ‘मोठा करणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, परंतु रेडिओकडून आलेला क्षीण संकेत कोणी ताणून मोठा करत नाही. खडकवासल्याहून शहरातून जाणाऱ्या कालव्याचे दार एक माणूस चाक फिरवून वरखाली करतो, तेव्हा वाहणाऱ्या पाण्याचा जोर त्याच्या मनगटातला नसतो, तो धरणाचा असतो. मनगट फक्त किती सोडायचे ते ठरवते. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात. बेसमध्ये शिरणारा छोटा प्रवाह हे ते मनगट आहे, कलेक्टरमधून एमिटरकडे वाहणारा मोठा प्रवाह हे कालव्याचे पाणी आहे आणि धरणाच्या जागी विजेचा पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर व त्यामागचे वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर आहेत. २एन३०५५ला चार ॲम्पियर प्रवाहाला साधारण २० ते ७० पट प्रवर्धन मिळते, म्हणजे बेसला खाऊपिऊ घालायलाच बराच प्रवाह लागतो. रेडिओचा नाजूक संकेत तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. म्हणून आधी एक लहान ट्रान्झिस्टर, मग मध्यम ताकदीचा ड्रायव्हर आणि शेवटी हे लोखंडी टोपीचे पहिलवान, अशी साखळी लावावी लागते. आमच्या पेटीत ड्रायव्हर म्हणून एसएल१०० आणि एसके१०० ही जोडी आहे. त्या काळात ज्यांनी घरी किट जोडले असतील, त्यांना ही दोन नावे वाचूनच बोटांना चटका बसल्याची आठवण होईल.

काकांनी पेटी उघडली आणि बराच वेळ तिला हातही न लावता नुसती पाहत बसले. नंतर मीटर लावून डाव्या बाजूचे दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट असल्याचे मला दाखवले. कलेक्टर आणि एमिटरमध्ये कोणत्याही दिशेने मोजले तरी रोध शून्याच्या जवळ येत होता. ते म्हणाले, “ताई, हे गेलेत ते दिसतंच आहे. का गेले ते सापडेपर्यंत नवे घालायचे नाहीत.” त्यांनी जुने ट्रान्झिस्टर उतरवले, स्वतःजवळचे चाचणीसाठी ठेवलेले दोन खात्रीचे ट्रान्झिस्टर तात्पुरते जोडले आणि विजेच्या वायरीत भिंतीवरचा तो शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये घेतला. ही युक्ती जुनी आहे, पण तिच्याइतकी समंजस युक्ती या धंद्यात दुसरी नसेल. आत काही शॉर्ट असेल तर सगळा भार दिव्यावर जातो, तो झगझगीत पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात; सगळे ठीक असेल तर फिल्टर कॅपॅसिटर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळतो आणि मंद होऊन विझतो. आमच्या पेटीला बटण दाबल्यावर दिवा उजळला आणि विझला. म्हणजे या घटकेला दोष दिसत नव्हता. आठ दिवसांपूर्वी त्या दुरुस्ती केंद्रातही हेच झाले असणार आणि तेवढ्यावर पेटी मला परत दिली गेली असणार.

काका मात्र तेथे थांबले नाहीत. त्यांनी बांबूची एक पातळ काडी घेतली आणि बोर्डावरील एकेका भागाला हलकेच टोचायला सुरुवात केली. रोध, डायोड, ड्रायव्हर, वायरींचे टाके, सगळ्यांना काडी लागली तरी दिवा विझलेलाच होता. मग काडी एका नाण्याएवढ्या तपकिरी प्रिसेटला, म्हणजे पेचकसाने फिरवून कमीजास्त करायच्या रोधाला, लागली आणि दिवा भपकन पेटला. काडी काढली, दिवा मंद झाला. पुन्हा टेकवली, पुन्हा पेटला. बारा वर्षे मी हा विषय शिकवते आहे, पण दोष असा डोळ्यांसमोर हजर होताना मी प्रथमच पाहिला.

हा प्रिसेट काय करतो ते सांगायला हवे, कारण घरातील बहुतेक जुन्या ॲम्प्लिफायरचे प्राण याच एका स्वस्त भागात अडकलेले असतात. पॉवर ट्रान्झिस्टरच्या जोडीतील एक जण ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो आणि दुसरा खालचा. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बेसला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याखेरीज जागा होत नाही. त्यामुळे लहर शून्यातून वरून खाली जाताना एकाचे काम संपलेले आणि दुसऱ्याचे सुरू न झालेले, असा एक मुका क्षण येतो. मोठ्या आवाजात तो लपतो, परंतु हळू आवाजात तानपुऱ्याच्या जवारीसारखा नाजूक नाद त्याने खरखरीत होतो. यावर उपाय म्हणून संकेत नसतानाही दोघांतून थोडासा प्रवाह वाहता ठेवतात, म्हणजे दोघेही डुलकी न काढता तयार बसतात. आमच्या मंडलात (सर्किटमध्ये) त्यासाठी दोन ड्रायव्हरच्या बेसमध्ये डायोड आणि हा प्रिसेट ओळीने जोडून सुमारे दोन व्होल्टचे अंतर राखले आहे. प्रिसेटमधील कार्बनच्या पट्टीवर टेकलेली सरकती टोकळी चाळीस वर्षांत काळी पडून मधूनमधून संपर्क सोडत होती. संपर्क सुटला, की ते अंतर एकदम वाढते, दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर एकाच वेळी सताड उघडतात आणि पुरवठ्याचा प्रवाह स्पीकरकडे न जाता सरळ दोघांतून जमिनीकडे धावतो. त्यातून ट्रान्झिस्टर तापला, की त्याला लागणारे बेसचे व्होल्टेज प्रत्येक अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने कमी होते, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला तो आणखी प्रवाह ओढतो आणि आणखी तापतो. हे चक्र फ्यूज उडाल्यावरच थांबते, आणि फ्यूजच्या आधी बहुधा ट्रान्झिस्टर गेलेला असतो.

आधीचा घोगरा आवाज आणि मधूनच तापणारा पत्रा, ही दोन्ही लक्षणे या एका प्रिसेटचीच होती. टोकळी एका जागी बसली की प्रवाह फार कमी, दुसऱ्या जागी बसली की फार जास्त. पहिल्या केंद्रात मी दोन्ही लक्षणे सांगितली होती. ती कोणी लिहूनही घेतली नव्हती.

त्या केंद्राने घातलेल्या दोन ट्रान्झिस्टरची हकीकत वेगळीच निघाली. काकांनी ते हातात घेऊन वजन पाहिले, छापील अक्षरांवरून थिनरचा बोळा फिरवला आणि अक्षरे पुसून बोळ्यावर आली. मग त्यांनी शिकंज्यात धरून करवतीने एकाची टोपी कापली. आतला सिलिकॉनचा तुकडा तिळाएवढा होता. लगेच त्यांनी खणातून माझ्या वडिलांच्या काळातला, केव्हातरी कोणाच्या तरी पेटीतून निघालेला मेलेला २एन३०५५ काढून तोही कापला. त्यातला तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. १५ ॲम्पियर, ६० व्होल्ट आणि ११५ वॅट हे आकडे या डाळीएवढ्या तुकड्याचे आहेत. तिळावर तेवढी उष्णता टाकली तर ती टोपीपर्यंत पोहोचायच्या आतच तो जळतो. बनावट ट्रान्झिस्टर आणि बिघडलेला प्रिसेट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर आठ दिवस तरी पेटी कशी चालली, याचेच मला नंतर आश्चर्य वाटले. हे कापलेले दोन्ही ट्रान्झिस्टर काकांनी मला देऊन टाकले. आता ते प्रयोगशाळेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि मुले ते भिंगाखाली पाहतात.

एका गोष्टीत मात्र आमचे दैव चांगले होते. या मंडलाला ४० व्होल्टचा एकेरी पुरवठा आहे आणि संकेत स्पीकरकडे २२०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून जातो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी एकदिश प्रवाह कॅपॅसिटरपाशी अडतो आणि स्पीकरचे वेटोळे वाचते. अधिक आणि उणे असा दुहेरी पुरवठा असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हा अडसर बहुधा नसतो, तेथे बिघाड होताच स्पीकर तोडणारा संरक्षणाचा रिले नसेल तर ट्रान्झिस्टरपाठोपाठ स्पीकरही जळतो. आपला ॲम्प्लिफायर कोणत्या जातीचा आहे, एवढे तरी प्रत्येकाने विचारून ठेवावे.

दुरुस्तीत काकांनी नवा बंद प्रकारचा प्रिसेट बसवला आणि त्याला समांतर एक ठराविक रोध जोडला, ज्यामुळे पुढेमागे टोकळीने संपर्क सोडलाच तरी प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढू नये. मूळ आराखड्यात हा रोध नव्हता. मी ‘वडिलांच्या मंडलात बदल होतो आहे’ अशी थोडी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी त्या रोधाच्या पायाला पिवळ्या वायरीचा वेढा दिला, म्हणजे कोणालाही पुढे हा मागाहून घातलेला भाग ओळखू यावा. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामधल्या अभ्रकाच्या जुन्या चकत्या काढून नव्या घातल्या, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट बोटाने नव्हे तर जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटाच्या तुकड्याने एकसारखी पसरवली, आणि नंतर टोपीपासून हीट सिंकपर्यंत वीज जात नाही ना हे मीटरने पाहिले. टोपी हाच या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर असतो, म्हणून मध्ये अभ्रक लागतो. अभ्रक विजेला अडवतो पण उष्णतेला वाट देतो.

शेवटचे काम म्हणजे संकेत नसतानाही वाहणारा तो थोडासा स्थिर प्रवाह लावणे, आणि ते मला स्वतः करू दिले गेले. एमिटरला ०.३३ ओहमचा पांढरा चिनी मातीचा रोध असतो. त्याच्या दोन टोकांना मीटर लावून प्रिसेट हळूहळू फिरवायचा आणि १० मिलिव्होल्टवर थांबायचे. म्हणजे सुमारे ३० मिलिॲम्पियर झाले. ओहमचा नियम मी किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही, पण तो असा पेचकसाच्या टोकाशी आल्यावर माझा हात थरथरत होता. वीस मिनिटे पेटी चालू ठेवून, ती कोमट झाल्यावर आकडा पुन्हा पाहिला आणि किंचित सुधारला. या वीस मिनिटांसाठी काकांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवले, हे मला महत्त्वाचे वाटते. उजवा चॅनल बिघडलेला नव्हता, तरी त्याचाही आकडा पाहिला. तो ४ मिलिव्होल्ट होता, तोही १०वर आणला. पुरवठ्याच्या ४७०० मायक्रोफॅरडच्या दोन्ही कॅपॅसिटरची क्षमता मोजली असता ती तीन हजारांच्याही खाली आली होती, म्हणून ते बदलले. सायलेन्सरशिवायच्या मोटारसायकलसारखी जी बारीक घरघर आम्ही वर्षानुवर्षे ‘जुनेपणाची’ म्हणून सोसत होतो, ती या दोन कॅपॅसिटरची होती. घरातील वीज ५० हर्ट्झची असते आणि तिला एकदिश करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर तिच्या लाटा सेकंदाला १०० होतात. कॅपॅसिटर म्हातारे झाले की या लाटा सपाट होत नाहीत आणि स्पीकरमधून ऐकू येतात.

दुकानात बसल्या बसल्या इतरांची कामे पाहण्यात माझे दोन तास गेले आणि ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. कोणी मोबाइलचा चार्जर आणला होता, कोणी एलईडी टीव्हीचा पॉवर बोर्ड, एका शास्त्रीय संगीताच्या शिक्षिकेने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला होता, तर एका मंडळाच्या मुलांनी दोघांनी मिळून उचलावा लागणारा लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर आणला होता. सगळ्यांत ट्रान्झिस्टरच होते, पण दोन वेगळ्या स्वभावांनी राबणारे. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असेल तर त्यातून प्रवाह नाही, पूर्ण उघडा असेल तर त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नाही. उष्णता म्हणजे या दोहोंचा गुणाकार, म्हणून दोन्ही टोकांना तो थंड राहतो. तापतो तो अधांतरी, अर्धवट उघडा असताना. आमच्या पेटीतील ट्रान्झिस्टरला ध्वनिलहरीबरोबर सतत याच अधल्यामधल्या अवस्थेत राहावे लागते, म्हणून एवढे मोठे हीट सिंक. आणि या पद्धतीची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. चार्जरमधील मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर मात्र फक्त बटणासारखा वागतो. घरातील २३० व्होल्ट एकदिश केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतात, त्यांचे तो सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो. वारंवारता इतकी वाढल्यामुळे ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो. आमच्या पेटीतील ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर नारळाएवढा आहे, त्याचे कारण हेच.

त्या तानपुऱ्यात दोन्ही स्वभाव एकत्र नांदत होते. आतील डिजिटल चिपमध्ये असंख्य सूक्ष्म ट्रान्झिस्टर बटणासारखे उघडझाप करत स्वर तयार करतात आणि शेवटी स्पीकरपाशी एक छोटा ॲम्प्लिफायर त्या स्वरांना बळ देतो. तारसप्तकापाशी येणारी जी फाटकी खरखर होती, ती काकांनी आवाजाच्या बटणातील धूळ साफ करून घालवली. त्याचे त्यांनी पन्नास रुपये घेतले. ट्रान्झिस्टरचा पहिला व्यापारी उपयोग १९५२-५३ मध्ये श्रवणयंत्रात झाला, हे मी त्या शिक्षिकांना सांगितले तेव्हा त्यांनी कानामागचे आपले यंत्र दाखवले. बेल लॅबोरेटरीजमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून पाहिला, तेव्हाही त्यांनी केले ते ध्वनीचे प्रवर्धनच होते.

मी काकांना स्पष्टच विचारले होते, की हे सगळे काढून आतमध्ये क्लास डीचा तयार बोर्ड का बसवू नये. टीपीए३११६ या चिपवर आधारलेले बोर्ड त्याच गल्लीत काही शे रुपयांत मिळतात, ते ट्रान्झिस्टरला बटणासारखेच वापरतात, त्यांची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत जाते आणि हीट सिंक आगपेटीएवढे पुरते. काकांनी बोर्डाची निंदा केली नाही. लेकीच्या खोलीतील स्पीकरसाठी तोच घ्या, असे सांगितले. या पेटीसाठी मात्र त्यांनी विचारले, “आई रेडिओ कोणता लावतात, एफएम की मध्यम लहरी?” पुणे आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची आहे. क्लास डीचा बोर्ड ४०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाने उघडझाप करतो, आणि ४००च्या दुप्पट ८०० होतात, म्हणजे ७९२च्या अगदी जवळ. रेडिओ त्याच पेटीला खेटून ठेवला तर शिट्टी ऐकू येण्याची शक्यता असते. चिपमध्ये वारंवारता बदलण्याची सोय आहे, पण स्वस्त बोर्डांवर ती बाहेर काढलेली असतेच असे नाही. एवढा विचार करून सल्ला देणारा माणूस मला विक्रीच्या कोणत्याही मोठ्या दालनात भेटलेला नाही.

याच भेटीत मी विद्यार्थ्यांसाठी बीसी५४७ ट्रान्झिस्टर, कंडेन्सर माइक आणि पीएएम८४०३ या ॲम्प्लिफायर चिपचे दोन छोटे बोर्ड घेतले. बीसी५४७चे प्रवर्धन एकाचे ११० तर दुसऱ्याचे ८०० असू शकते, हे पाहून मुले गोंधळतात. एमिटरमध्ये रोध घालून ऋण प्रतिपुष्टी दिली, म्हणजे बाहेर आलेल्या संकेताचा काही भाग उलट्या दिशेने परत आत घातला, की मंडलाचे प्रवर्धन ट्रान्झिस्टरवर न राहता रोधांच्या गुणोत्तरावर ठरते, हे आम्ही तीन वेगवेगळे ट्रान्झिस्टर बदलून प्रत्यक्ष पाहिले. छोटा बोर्ड मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालतो. त्याचे ‘तीन वॅट’ चार ओहमच्या स्पीकरला आणि दहा टक्के विकृती सोसून मिळतात, स्वच्छ आवाजाला त्याहून कमी धरावेत. तरीही वर्गखोलीला तो पुरेसा आहे. वॅटच्या आकड्यांबाबत एकूणच सावध राहावे. आमच्या पेटीतून ४० व्होल्टच्या पुरवठ्यावर आठ ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी सुमारे १८ वॅट मिळतात आणि त्यात दिवाणखाना भरतो. खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे फुगवलेले, हजारो वॅट छापलेल्या प्लास्टिकच्या स्पीकरचा पुरवठाच मुळात तेवढी वीज देऊ शकत नाही.

आता या दुकानातील उणिवा. आठ दिवस सांगून पेटी मिळायला एकोणीस दिवस लागले आणि मधल्या काळात काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण काका काम करताना फोन उचलत नाहीत. वस्तू ठेवून घेतल्याची पावती मिळत नाही. पेटीवर खडूने आडनाव लिहितात, तेवढेच. माझ्या पेटीच्या बाबतीत काही घडले नाही, पण मौल्यवान उपकरण असे ठेवून येताना जीव वरखाली होतो आणि निदान एक चिठ्ठी तरी द्यावी, असे मी त्यांना सांगितले आहे. बसायला जागा नाही. गल्लीत चारचाकी नेण्याचा विचारही करू नये. मी मंडई मेट्रो स्थानकावर उतरून पेटी हातात घेऊन चालत गेले. नव्या टीव्हीचे आणि लॅपटॉपचे बारीक चिपचे काम ते घेत नाहीत, आणि तसे आधीच सांगतात.

खर्चाचा हिशेब असा झाला : दोन अस्सल पॉवर ट्रान्झिस्टरचे २८० रुपये, दोन फिल्टर कॅपॅसिटरचे २२०, प्रिसेट आणि रोधाचे ३०, आणि मजुरी ८००, एकूण १,३३० रुपये. अभ्रक आणि पेस्टचे पैसे लावले नाहीत. काढलेले सर्व जुने भाग एका पिशवीत घालून परत दिले.

जाण्याचा विचार असल्यास दुपारी चारनंतर जावे, सकाळी काका सुटे भाग आणायला बाहेर असतात. बिघाड होण्याच्या आधीची लक्षणे कागदावर लिहून न्यावीत आणि आधी कोणी दुरुस्ती केली असेल तर त्यांनी काढलेले भागही सोबत ठेवावेत, ते काका मागतातच. गणपतीच्या आधीचा महिनाभर मात्र टाळावा, तेव्हा मंडळांचे ॲम्प्लिफायर जिन्यापर्यंत रचलेले असतात. पेटी घरी आणून आता तीन महिने झाले. गेल्या रविवारी मी मागचे झाकण उघडून पांढऱ्या रोधावर मीटर लावला. डावीकडे १० मिलिव्होल्ट आणि उजवीकडे ११.